नवद्वारं खरंच नऊ का? (माणसांच्या आणि जनावरांच्या शरीरावरची छिद्रं)

पाटीपेन्सिल

देहाला नवद्वारांची नगरी म्हणतात. गीतेच्या पाचव्या अध्यायात नऊच दारं आहेत: दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन. कठोपनिषदात अकरा होतात. भाष्यकार बेंबी आणि टाळूवरचं ब्रह्मरंध्र धरून हिशेब पुरा करतात. सुश्रुताने शारीरस्थानात पुरुषाची नऊ सांगून स्त्रीची आणखी तीन मोजली, दोन स्तनांची आणि एक योनीचं. प्रेत पाण्यात कुजवून, थर सुटे करून बघायला सांगणाऱ्या माणसाची ही मोजणी आहे, हे लगेच कळतं.

पण यातली आत नेणारी दारं किती? डोळा हे दार नाहीच. पापणीच्या आतलं पातळ अस्तर मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर चढतं, म्हणजे तो तळ शिवलेला खिसा आहे. कॉन्टॅक्ट लेन्स 'डोळ्याच्या मागे गेली' असं होऊ शकत नाही. ती वरच्या पापणीखाली दुमडून बसलेली असते. कानातही साधारण अडीच सेंटिमीटरवर पडदा आडवा येतो. नऊपैकी ही चार दारं नव्हेत, कोनाडे आहेत. उलट प्रत्येक पापणीच्या नाकाकडच्या टोकाला एक खरं छिद्र आहे आणि ते कोणीच मोजत नाही. स्त्रीच्या शरीरात मूत्रमार्ग आणि योनिमार्ग वेगळे, म्हणजे खाली दोन नाही, तीन. भल्या शिकलेल्या माणसांनाही हे कागदावर काढून दाखवावं लागतं.

ज्यांचं ज्या छिद्राशी रोजचं काम आहे त्यांनी लिहावं. तिथे काय असतं, काय बिघडतं, का बिघडतं. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

त्रिज्या

गणिताच्या बाजूने आधी एक वाद मिटवू. 'तोंड' आणि 'भोक' यात फरक आहे. चड्डीला तोंडं तीन, एक कमरेचं आणि दोन पायांची, पण भोकं दोनच. एकमेकांना आतून जोडलेली तोंडं जितकी, त्यातून एक वजा केला की भोकं.

आता माणूस घ्या. आतून जोडलेली तोंडं: तोंड १, गुदद्वार १, नाकपुड्या २, आणि वर म्हटलेली अश्रूंची छिद्रं ४ (ती नाकात उघडतात). एकूण आठ, म्हणजे भोकं सात. कान, मूत्रमार्ग, घामाची छिद्रं, आईच्या दुधाच्या नळ्या या सगळ्या एका बाजूने बंद पिशव्या, त्यांचा हिशेब शून्य. मेदूवड्याला एक भोक, माणसाला सात.

शल्यक

त्रिज्या, तुमचा हिशेब पुरुषापुरता बरोबर आहे. स्त्रीच्या गर्भाशयातून निघणाऱ्या दोन्ही बीजवाहक नळ्यांची टोकं उदरपोकळीत मोकळी उघडतात. योनी, गर्भाशय, डावी नळी, पोटाची पोकळी, उजवी नळी आणि परत गर्भाशय असं वर्तुळ पूर्ण होतं. म्हणून एक भोक जास्त, आठ.

हे नुसतं कोडं नाही. पुरुषाची उदरपोकळी सगळीकडून बंद असते, स्त्रीची या वाटेने बाहेरच्या जगाशी जोडलेली असते. खालून चढलेला जंतुसंसर्ग थेट ओटीपोटात पोचतो तो इथूनच. वंध्यत्वाच्या तपासणीत गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, तेव्हा रंग पोटात सांडलेला दिसला तर नळ्या मोकळ्या. सांडलं तर चांगलं, अशा फारच थोड्या तपासण्या आहेत.

आलोच आहे तर गुदद्वाराबद्दल. तिथे गोल स्नायूंची दोन वळी असतात. आतलं आपल्या हुकमात नाही, ते सतत आवळलेलं असतं. बाहेरचं आपण आवळतो. कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेघ आहे. रेघेच्या वर वेदनेचे मज्जातंतू नाहीत, खाली भरपूर आहेत. म्हणून आतली मूळव्याध न दुखता लालभडक रक्त टाकते आणि केसाएवढी चीर (फिशर) माणसाला घाम फोडते. चीर बरी का होत नाही? दुखतं म्हणून आतलं वळं आणखी आवळतं, आवळल्याने तिथला रक्तपुरवठा घटतो, आणि शौच टाळल्याने मळ कडक होऊन तीच चीर पुन्हा फाटते. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगतात ते वळं सैल पडावं म्हणून. जखम धुणं हा त्यातला दुय्यम भाग. न दुखता रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, हे मात्र स्वतः ठरवू नका. आतड्यातली गाठही दुखत नाही.

कर्णफुल

कानाचं माझ्याकडे.

कानाच्या नळीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त तिथेच. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, त्यावरची त्वचा कागदासारखी पातळ. पडद्यावरची त्वचा मधून बाहेर सरकत राहते, दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर, आणि मळ आपोआप दाराशी आणून टाकते. हा सरकता पट्टा चालू असेल तर कान साफ करायची गरज पडत नाही. मळ आम्लधर्मी आणि चिकट असतो. त्यात बुरशी वाढत नाही, पाणी टिकत नाही, किडा पुढे जाऊ शकत नाही. त्याला घाण समजून आपण काढतो आणि पहारा उठवून बसतो.

कापसाच्या काडीने काय होतं ते नीट बघा. नळी सरळ नाही, किंचित नागमोडी आहे. काडी बाहेरच्या भागातला थोडा मळ उचलते आणि बाकीचा हाडाच्या भागात ढकलते, जिथून सरकता पट्टा त्याला हलवू शकत नाही. तिथे तो वाळून बूच होतो. आंघोळीचं पाणी शिरलं की बूच फुगतं आणि एका रात्रीत कान बंद. लोकांना वाटतं पाण्याने बहिरेपण आलं. बूच आधीच काडीने ठासलेलं असतं.

कान बंद असेल तर मळ मऊ करणारे थेंब दिवसातून दोन-तीनदा, चार-पाच दिवस, आणि मग डॉक्टरकडून काढून घ्यायचा. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर काहीही घालायचं नाही. कोमट तेलाचा आग्रह आज्यांचा असतो. एखाद्या वेळी मळ मऊ होतो हे खरं, पण पावसाळ्यात दमट हवेत तेलावर बुरशी फार छान वाढते. तीव्र खाज आणि नळीत ओल्या टीपकागदाचे तुकडे भरल्यासारखा पांढरा-काळा कचरा ही तिची खूण. आणि तेल 'मेंदूपर्यंत' जात नाही. पडद्याशी थांबतं.

कानात जिवंत किडा गेला तर चिमटा घेऊन मागे लागू नका, तो आणखी आत पळतो. पडदा शाबूत आहे याची खात्री असेल तर कान वर करून खोबरेल किंवा कोणतंही साधं तेल भरा. किडा बुडून मरतो, फडफड थांबते. मग शांतपणे डॉक्टर गाठा.

मुलांच्या नाकात शेंगदाणा, मणी, थर्माकोल अडकणं रोजचंच. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर सर्दी समजू नका, आत काहीतरी आहे. समोर दिसणारी गोल वस्तू चिमट्याने धरायला गेलात की निसटून मागे घशाकडे जाते. 'आईची फुंकर' म्हणून एक साधी पद्धत आहे: मूल मांडीवर, मोकळी नाकपुडी बोटाने बंद, आईने मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट लावायचं, थोडी हवा सोडून घशातला अडसर जाणवला की एक झटक्याची फुंकर. हवा मागून येऊन वस्तू बाहेर ढकलते. बऱ्याचदा जमतं. पण आत बटण सेल असेल तर घरगुती काहीही करायचं नाही, पाणी-तेल तर नाहीच. ओलाव्यात सेलमधून वीज वाहते, अल्कली तयार होते आणि काही तासांत नाकाचा मधला पडदा जळतो. रात्री दोन वाजता कळलं तर रात्री दोन वाजता निघायचं.

अबोली

डॉक्टर, तान्ह्या बाळाच्या एकाच डोळ्यातून सतत पाणी आणि सकाळी चिपडं, डोळा लाल मात्र नाही, हे त्या अश्रूंच्या छिद्राचंच ना? आणि डोळ्यात टाकलेलं औषध घशात कडू का लागतं?

नेत्रपल्लवी

अबोलीताई, दोन्हींचं उत्तर एकाच वाटेवर आहे. आरशात खालची पापणी नाकाकडे किंचित उलटी करा, कडेला टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा आणि मध्ये छिद्र दिसेल. रुंदी ०.२ ते ०.३ मिलिमीटर. वर एक, खाली एक. दोन्हीकडून बारीक नळ्या अश्रूंच्या पिशवीत आणि तिथून एक नळी नाकात, खालच्या पापुद्र्याखाली उघडते. रडताना नाक वाहतं ते शेंबूड नसतं, अश्रूच असतात.

बाळाच्या त्या नळीच्या नाकाकडच्या टोकाला एक पडदा जन्मानंतरही काही महिने मिटलेला राहू शकतो. दहापैकी नऊ बाळांचा वर्षाच्या आत आपणहून उघडतो. मदत म्हणून मालिश: नख कापा, हात धुवा, करंगळीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाकाच्या हाडावर ठेवा, हलकं दाबा आणि दाब न सोडता खाली नाकपुडीकडे न्या. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसतं गोल गोल चोळून काही होत नाही. पिशवीतलं पाणी खाली ढकललं गेलं पाहिजे, त्या दाबानेच पडदा फुटतो. कोपऱ्यात लाल, गरम, दुखरी सूज आली तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. आणि काजळ नको. बोट अस्वच्छ, काजळाचे कण बारीक, छिद्र त्याहून बारीक.

औषधाचं. पापणीच्या खिशात मावतं साधारण ३० मायक्रोलिटर, एका थेंबातच ३० ते ५० असतात. म्हणजे दुसरा थेंब लगेच टाकला तर तो गालावर किंवा नाकात जातो, पैसे वाया. एक थेंब टाका, डोळा अलगद मिटा (उघडझाप नको, प्रत्येक उघडझाप म्हणजे पंपाचा एक दांडा), नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. काचबिंदूच्या काही थेंबांना हे दाबणं फार महत्त्वाचं आहे. नाकाच्या अस्तरातून ते रक्तात जातात आणि दम्याच्या माणसाला धाप लागू शकते.

गोठेकरी

एवढ्या विद्वानांत गोठ्याचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. दूध देणाऱ्या जनावराच्या शरीरातलं सगळ्यात महाग छिद्र सडाच्या टोकाला असतं.

गाईच्या प्रत्येक सडाच्या टोकाची वाट साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब. भोवती गोल स्नायू, आणि आतून केराटिनचा मेणासारखा थर. दोन धारांच्या मधल्या वेळेत हा थर बुचासारखं काम करतो आणि जंतू त्याला चिकटून धारेबरोबर बाहेर पडतात. धार काढून झाली की स्नायू लगेच आवळत नाही, अर्धा तास ते दोन तास सैल असतो. त्या वेळात गाय शेणात बसली की दगडीचे (कासेला सूज आणणाऱ्या रोगाचे) जंतू आत जायला मोकळे. दगडीचं निम्मं शास्त्र या अर्ध्या तासात आहे.

म्हणून क्रम असा. फक्त सड धुवा, अख्खी कास भिजवू नका. कासेवरचं घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशीच येतं. प्रत्येक जनावराला वेगळं कोरडं फडकं. पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत किंवा काळं फडकं बांधलेल्या भांड्यात. गुठळ्या, तंतू, पाणचट दूध लगेच दिसतं. या धारा जमिनीवर सोडू नका, तिथेच थोड्या वेळाने कास टेकणार आहे. सड हाताळल्यापासून मिनिटभरात पान्हा सुटतो, पाच ते सात मिनिटांत धार संपवा. धार मुठीने काढायची. अंगठा मुडपून सड ओढायची सवय ज्यांना आहे त्यांच्या गाईंच्या सडाचं टोक बाहेर उलटलेलं, खरखरीत झालेलं दिसतं. तसं टोक पुढे नीट मिटत नाही.

धारेनंतर सड औषधात बुडवा, शिंपडू नका. पिचकारीने एकच बाजू ओली होते. तयार टीट-डिप उत्तम. घरी करायचं तर १० टक्के पोव्हिडोन आयोडीन ५०० मिलि, ग्लिसरीन १०० मिलि, उकळून गार केलेलं पाणी ४०० मिलि. ग्लिसरीन वगळलं की चार-आठ दिवसांत सडाला चिरा पडतात आणि चिरेत जंतू बसतात, म्हणजे उपायच आजार. कपात उरलेलं औषध परत बाटलीत ओतू नका. आणि मग गव्हाणीत वैरण टाका. खाण्याच्या नादात गाय अर्धा तास उभी राहते. कित्येक जण धारेच्या आधी किंवा धार चालू असताना सगळी वैरण टाकून मोकळे होतात, आणि धार संपताच गाय बसते.

सडात औषधाची ट्यूब सोडताना (कोणती, किती, हे डॉक्टर ठरवतील) स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसायचं. आधी पलीकडचे दोन सड पुसा, मग अलीकडचे. औषध सोडताना उलट, आधी अलीकडचे, मग पलीकडचे. नाहीतर पुसलेल्या सडाला आपलीच बाही लागते. नळीचं टोक तीन-चार मिलिमीटरच आत. पूर्ण खुपसलं की केराटिनचा थर जंतूंसकट आत ढकलला जातो आणि वाट रुंदावते. ट्यूबवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही प्यायचं नाही.

सड बंद पडला, धार येईना, की कडुलिंबाची काडी किंवा तार घालून 'मोकळा' करायची खोड अजून गेलेली नाही. काडीने गाठ फुटते, त्याबरोबर अस्तर सोलतं, आणि महिन्याभरात तिथे व्रण होऊन सड कायमचा मुका होतो. डॉक्टरकडे उकळलेली गुळगुळीत नळी असते, तीच लागते.

अबोली

म्हशीला दगडी कमी होते म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

गोठेकरी

आहे. म्हशीच्या सडाची वाट लांब आणि स्नायू जास्त आवळ. म्हणून म्हैस धारेला जड आणि जंतूंनाही जड. पण होतच नाही असं नाही.

अजून दोन छिद्रं राहिली. वासराची बेंबी: नाळ आपणहून तुटली नाही तर पोटापासून दोन इंच सोडून स्वच्छ कात्रीने कापा आणि टिंक्चर आयोडीनच्या छोट्या बाटलीत पूर्ण बुडवा, दुसऱ्या दिवशी परत. नाळ वाळेपर्यंत ती थेट यकृताकडे जाणारी उघडी नळी आहे. बेंबीतून शिरलेले जंतू पुढे सांध्यांत उतरतात. वासराचे गुडघे सुजले की आधी बेंबी बघावी, हे त्यासाठी. दुसरं, वार (गर्भाला नाळेने जोडलेलं आवरण). व्याल्यानंतर बारा तासांत पडायला हवी. नाही पडली तर हात घालून ओढू नका, दगड बांधून लोंबकळत ठेवू नका. गर्भाशयाची चिकटलेली बोंडं तुटतात आणि गाय पुढे गाभण राहत नाही.

पोटफुगीला नळीने तेल पाजतात तिथेही छिद्राचाच घोटाळा. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडं घशात शेजारी-शेजारी. मान आभाळाकडे उचलून जीभ बाहेर ओढून धरली की जनावर गिळूच शकत नाही आणि तेल सरळ फुप्फुसात. तोंड डोळ्याच्या पातळीवर, जीभ मोकळी, थोडं-थोडं, ठसका लागला की लगेच सोडायचं.

खुराडा

कोंबडीला खालचं दार एकच. विष्ठा, मूत्र, अंडं सगळं त्यातूनच, शास्त्रात अवस्कर म्हणतात, पोल्ट्रीवाले व्हेंट म्हणतात. मग अंडं विष्ठेने का माखत नाही? घालताना अंडवाहिनीचं शेवटचं टोक उलटं होऊन अंड्यासकट बाहेर येतं, अंडं सोडतं आणि परत आत जातं. विष्ठेची वाट तेवढ्यापुरती दाबून बंद. अंडं माखलेलं असेल तर ते बहुतेक घरट्यात माखलेलं असतं. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे मूत्र, युरिक आम्लाच्या लगद्याच्या रूपात.

कोंबडी अंड्यावर आहे का, म्हणजे अंडी देतेय का, हे व्हेंट बघूनच सांगतात. अंड्यावरच्या कोंबडीचं मोठं, लांबट, ओलसर, फिकट; बंद असलेलीचं लहान, गोल, कोरडं, सुरकुतलेलं. मग व्हेंटच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये बोटं धरा: दोन-तीन बोटं मावली तर अंडी चालू, जेमतेम एक मावलं तर बंद. पिवळ्या कातडीच्या जातीत अंडी सुरू झाली की पिवळा रंग सगळ्यात आधी व्हेंटचा उतरतो. एक दिवसाच्या पिलाचं व्हेंट उघडून नर-मादी ओळखण्याची पद्धत १९२०च्या दशकात जपान्यांनी बसवली. आत मोहरीहून लहान उंचवटा असतो, तो बघायचा. व्हिडिओ बघून येत नाही, पिलं मरतात.

पहिल्या आठवड्यात पिलांचं व्हेंट विष्ठेने चिकटून बंद होतं. वाळलेली विष्ठा ओढून काढू नका, कातडी येते. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवा, सुटली की पुसा, कोरडं करून ब्रूडरखाली (पिलांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली) सोडा. बऱ्याच पिलांना एकदम झालं तर तापमान तपासा. फार गरम किंवा फार गार, दोन्हीत होतं. आणि बेंबी त्याच्या थोडी पुढेच असते, वाळलेला तो काळा ठिपका म्हणजे विष्ठा समजून खरवडणारे खूप.

अंडं घालताना बाहेर आलेला भाग आत गेला नाही की आलीच आफत. तो लाल, ओला, चकचकीत, बाकीच्या कोंबड्या टोचतात आणि तासाभरात आतडी ओढून काढतात. दिसताक्षणी कोंबडी वेगळी, अंधारात. कारण बहुतेक वेळा तलंगांना (तरुण कोंबड्यांना) लवकर उजेड देऊन लवकर अंड्यावर आणलेलं असतं, किंवा त्या फार चरबट झालेल्या असतात. शरीर तयार नाही आणि अंडं मोठं.

शल्यक

खुराडा, बेंबी काढलीत म्हणून सांगतो. बेंबीत तेल घातलं की 'पेचोटी ग्रंथी'मार्फत ७२,००० नाड्यांत जातं हा निरोप दर हिवाळ्यात फिरतो. अशी ग्रंथी नाही. नाळ पडली की आतल्या रक्तवाहिन्या बंद होऊन त्यांच्या दोऱ्या होतात, ते दार कायमचं बुजलेलं आहे. तेलाने बेंबीची कातडी मऊ होईल. खोल बेंबीत मळ, तेल आणि घाम साचून खडा होतो आणि वास येतो, तेवढा मात्र नक्की होतो. ओल्या बोळ्याने पुसून कोरडी ठेवा, पुरे.

सहापायी

तुमच्या सगळ्यांच्या छिद्रांपेक्षा कीटकांची जास्त. झुरळाला श्वासाची छिद्रं दहा जोड्या, दोन छातीवर, आठ पोटावर. नाकातोंडाने श्वास घेतच नाही. डोकं तुटलं तरी झुरळ काही दिवस जगतं त्यामागे हेही एक कारण.

बागेतल्या मंडळींना याचा उपयोग. साबणाचं पाणी मावा, पिठ्या ढेकूण यांना मारतं ते विषाने नाही. कीटकाच्या अंगावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी त्यावरून घरंगळतं, श्वासाच्या छिद्रात शिरत नाही. साबणाने पाण्याचा ताण कमी झाला की ते पसरतं, छिद्रात शिरतं, किडा गुदमरतो. एक लिटर पाण्याला कडुलिंबाचं तेल ५ मिलि आणि पातळ साबण २ मिलि. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग थोडं-थोडं पाणी. उलट केलंत तर तेल वर तरंगतं, पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी आणि शेवटच्यात नुसतं तेल, पानं जळतात. कपडे धुण्याची पावडर नको. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, किडा भिजेपर्यंत. वाळल्यावर साबणाचा काही उपयोग उरत नाही आणि अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी परत. बोरिक पावडरची वाट मात्र वेगळी, ती झुरळाच्या पायाला लागते, पाय चाटताना पोटात जाते.

डासाच्या अळीला शेपटाकडे श्वासाची नळी असते, ती पृष्ठभागाला टेकवून अळी डोकं खाली करून लटकते. क्युलेक्स आणि एडिस अशा तिरप्या लटकतात. मलेरियाच्या अ‍ॅनाफिलीसला नळी नाही, म्हणून ती पाण्याला समांतर आडवी पडते. टाकीत वाकून बघितलं तरी कोणता डास आहे ते कळतं. गटारावर तेल टाकतात तेव्हा तवंगाने हीच छिद्रं बंद होतात. तवंग तुटका असेल, कचरा तरंगत असेल, तर मधल्या फटीतून अळ्या मजेत श्वास घेतात. वापराच्या पाण्यात तेल चालत नाही, तिथे आठवड्यातून एकदा भांडी पालथी करून घासायची. नुसती उपसून चालत नाही, एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात.

पाटीपेन्सिल

उत्तम. मासे राहिले. माशाच्या नाकपुड्या घशात उघडत नाहीत असं वाचलं, मग त्या कशाला? आणि बाजारात कल्ले उचलून बघतात त्यात नेमकं काय बघायचं?

डोलकाठी

वासाला. रोहूच्या तोंडावर प्रत्येक बाजूला दोन छिद्रं दिसतात, पुढच्यातून पाणी आत, मागच्यातून बाहेर, मध्ये वास घेणारी घडी. घशाशी संबंध नाही. श्वासाचं पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यातून बाहेर. मुशीला (लहान शार्कला) कल्ल्याचं झाकण नाही, उघड्या पाच फटी दिसतात.

बाजारात: झाकण अंगठ्याने उचला. ताज्या माशाचं झाकण घट्ट बसलेलं असतं, सोडलं की परत मिटतं. आतल्या झालरी लाल, सुट्या, चिकट पाणी पारदर्शक. तपकिरी, एकमेकींना चिकटलेल्या आणि दुधाळ चिकटा असेल तर ठेवा परत. पण लाल रंगावर जाऊ नका, रंग लावता येतो. कल्ल्यात बोट फिरवून पांढऱ्या कागदावर पुसा आणि नाकाशी धरा. मग खालचं छिद्र बघा. ताज्या माशाचं आत ओढलेलं आणि मिटलेलं असतं. फुगून बाहेर आलेलं, ओघळणारं असेल तर आतडी कुजायला लागली आहेत, कल्ले कितीही लाल असोत. बांगडा आणि तारली यांचं पोट आधी जातं, त्यांना हे छिद्र पहिलं बघायचं आणि कल्ले नंतर.